जिथलं पाणी तिथं

१

दगड धुताना साबण लावायचा नसतो. एवढी साधी गोष्ट मला अप्पांना तीनदा सांगावी लागली, आणि मी कुणाला काही तीनदा सांगणारी मुलगी नाही. एकदा सांगतानाच माझा घसा कोरडा पडतो. शाळेत हजेरीच्या वेळी माझं उत्तर बाईंना पहिल्या हाकेला ऐकू गेलंय, असं दहावीपर्यंत एकदाही झालेलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, जिनाप्पा. निपाणीत त्यांचं नळ, पाइप आणि फरश्यांचं दुकान आहे. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका पाइप कारखान्याची एजन्सी त्यांना हवी होती. कारखान्याचे मालक मार्चअखेरीला आमच्याकडे जेवायला येणार होते, म्हणून हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आली. एजन्सीचा आणि माशांचा काय संबंध, असं मी विचारलं नाही. अप्पांच्या डोक्यात श्रीमंत माणसाच्या हॉलचं एक चित्र आहे. त्यात झुंबर होतं, ते आलं. चामड्यासारखा दिसणारा आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटणारा सोफा होता, तोही आला. आता मासे.

"जैनाच्या घरात मासं?" आई म्हणाली.

"खायला आणलोय व्हय? नुस्तं बघायचं हाईत."

"बघायला कोंडायचं व्हय रं?" मागच्या खोलीतून आत्तीचा आवाज आला. आत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण, अक्काताई. बाविसाव्या वर्षी ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून त्या मागच्या खोलीत आहे. घरात माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारी तीच एक. मी बहुतेक वेळा तिला अर्ध्या वाक्यात उत्तर देत असे.

टाकी बसवायला बेळगावहून रविराज नावाचा माणूस आला होता. त्याच्या शर्टावर शार्क होता. त्यानं सोबत गुलाबी रंगाचे प्लास्टिकचे दगड आणले होते. ते बघून अप्पांनासुद्धा लाज वाटली, यावरून ते कसे असतील ते समजा. मग कागलहून परत येताना अप्पांनी कोगनोळीच्या अलीकडे, दूधगंगेच्या पुलापाशी गाडी थांबवली आणि मी पात्रात उतरून नऊ दगड निवडले.

"नळाखाली धरायचं आन् टाकीत सोडायचं, मॅडम," रविराज म्हणाला. "दगड म्हंजे दगडच की. त्याला काय हुतंय?"

माझ्या वहीत चार पायऱ्या लिहिलेल्या होत्या. त्याच्यासारख्या माणसांमुळेच लोकांचे मासे आठवड्यात मरतात.

२

पहिली पायरी, ब्रश. दुसरी, व्हिनेगर. आमच्याकडे ते खायला चालत नाही, काचा पुसायला आणतात. दगडावर चार थेंब टाकायचे. दगड गप्प राहिला तर चांगला. फसफसला तर त्यात चुना आहे असं समजायचं. असा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी बदलतो, आणि माशांना ते सोसत नाही. फसफसलेला दगड फेकून द्यायचा. त्यात चर्चा नाही.

आठ दगड गप्प राहिले.

नववा नारळाएवढा होता. काळा, बुडाला सपाट, एका बाजूला ओंजळीसारखा खोलगट, आणि त्या ओंजळीतून गेलेली एक पांढरी शीर. मी शिरेवर थेंब टाकले. तो फसफसला. पण मी कान देऊन ऐकत होते, आणि आवाज मला पटला नाही. पदार्थ फसफसतो तेव्हा आवाज बाहेर येतो. हा आत गेला. पाठीवर अचानक गार पाणी पडल्यावर माणूस दातांमधून श्वास ओढतो, तसा. *स्सी.*

मी पुन्हा थेंब टाकले. पुन्हा तेच.

फटीत हवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दगड भिंतीकडे ठेवून दिला. वहीत लिहिलं: "नऊ नंबर बाद."

"ह्यो कसा बाद?" अप्पा म्हणाले. "ह्योच तर मेन हाय. मासं ह्यात बसत्यात. गुहा हाय बघ ही."

मी म्हणाले, "चुना आहे."

"काय?"

"चुना."

"मोठ्यानं बोल की गं जरा! काय खाऊन बोलतीस?"

मी मोठ्यानं बोलले नाही. मी नऊ नंबर बाकीच्या आठांबरोबर पातेल्यात ठेवला. तिसरी पायरी, उकळणं. दगड गार पाण्यातच ठेवायचे, पाण्याबरोबर सावकाश तापवायचे आणि पाण्याबरोबरच निवू द्यायचे. घाई केली तर फटीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटतो. तापलेला दगड गार पाण्यात टाकला तरीही फुटतो. मी वीस मिनिटं बारीक आचेवर उकळलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिनेगर टाकलं. नऊ नंबर गप्प होता.

"बाद" शब्दावर मी रेघ मारली. एकदा फसफसलेला दगड उकळून सुधारत नाही, हे मला माहीत होतं. तेही त्याच वहीत होतं, माझ्याच अक्षरात.

३

चौथी पायरी, भिजत घालणं. सहा दिवस, रोज नवं पाणी.

आमच्या परसात विहीर आहे. नवीन घर बांधताना अप्पा ती बुजवणार होते. आत्ती तीन दिवस जेवली नाही, तेव्हा वर लोखंडी जाळी बसली आणि विहीर राहिली. आम्ही बाकीचे मशीनमधून आलेलं नळाचं पाणी पितो. आत्ती फक्त विहिरीचं पिते. रोज सकाळी पोहरा सोडते, दुहेरी फडक्यातून पाणी गाळते, मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतते आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्याबरोबर परत विहिरीत सोडते. ह्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी तिच्याकडे पितळेची एक छोटी बादली आहे, तळालाही कडी असलेली. दोरीनं खाली सोडायची. पाण्याला टेकली की दोरीला हिसका द्यायचा, मग ती पाण्यातच उलटते. वरून ओतायचं नाही. जिवांना लागतं.

पाठशाळेत एकेंद्रिय जीवांचे प्रकार म्हणून दाखवण्यात माझा पहिला नंबर आला होता. मातीचे, दगडाचे, पाण्याचे, आगीचे, वाऱ्याचे, झाडांचे. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्यापलीकडे माझा त्या जीवांशी काही संबंध नव्हता.

दगड विहिरीच्या पाण्यातच भिजत घातले होते. बोअरचं पाणी जड आहे, ते टाकीला चालत नाही. पहिल्या दिवशी मी बादली गटारात ओतायला निघाले तेव्हा आत्तीनं हटकलं.

"गाळ ते. फडक्यातलं बाटलीत साठीव. आन् नदीत सोडून यी."

"पाणी विहिरीचंच आहे."

"पाणी हिरीचं गं. त्यातलं जीव नदीचं. जिथलं पाणी तिथं."

"नदी बारा किलोमीटर आहे, आत्ती."

"दगड आणताना जवळ हुती व्हय?"

मला राग आला. सहा दिवस मी गाळलं. फडक्यावर रोज पिठासारखी पांढरी रेघ उरायची. ती धुऊन बाटलीत. शनिवारी बाटली तांदळाच्या धुवणासारखी दिसत होती. त्या दिवशी अप्पा कागलला जाणार होते, वाटेत नदीवर बाटली सोडायला मीही जाणार होते. पण मंगळवारपासून परीक्षा होती, आणि गाडीत अप्पांचं एजन्सीपुराण ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाटली गटारात ओतली असती तर विषय संपला असता. पण गटारात ओतायला हात होईना. आता कळतं, मी जरी सगळ्यांना हसत असले तरी तेवढं हसण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. मग मी माझ्यापुरता एक नियम काढला. पाणी विहिरीतून आलं, तेव्हा जिवाणी विहिरीत. नियमात बसतंय. दुपारी आत्ती जरा आडवी झाली होती. पितळी बादली तिच्या खोलीत होती. मी जाळीतून बाटली उलटी केली.

बाटलीभर पाणी वरून पडलं की धार वाजते. मी धारेची वाट बघत होते. खालून एकच आवाज आला, *टक*. पाण्यावर पाणी पडल्याचा नव्हता. दगडावर दगड ठेवल्याचा होता.

"सोडलंस?" चार वाजता आत्तीनं विचारलं.

"सोडलं."

"हळू सोडलंस न्हवं?"

"हळू."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान बाजूला घेतली.

४

रविवारी दगड टाकीत लागले, टाकी विहिरीच्या पाण्यानं भरली, आठ सोनेरी मासे आले. सोमवारी सकाळी मला नऊ नंबर थोडा तिरका वाटला, म्हणून मी टाकीत हात घातला.

पाणी गार होतं. बाकीचे दगड गार होते. नऊ नंबर कोमट होता.

दिव्यामुळे असेल. पण दिवा दुसऱ्या टोकाला होता. मोटरमुळे असेल. पण मोटर पाण्याच्या वर होती. मी दगड बाहेर काढून पुसला आणि घरातला ताप मोजायचा थर्मामीटर त्या ओंजळीत धरला. हसू येत होतं. मशीन वाजलं. सत्त्याण्णव पॉइंट चार.

दगडाला ताप नव्हता. मी ते वहीत लिहिलं आणि खोडलं, कारण ते शास्त्रीय वाक्य नव्हतं.

आठही मासे त्या दिवशी त्या खोलगट जागेत तोंड लावून बसले. अप्पा खूश. त्यांनी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला. रविराजचा फोन आला, "बघा सर, गुहा आवडली त्यांस्नी!" मी माशांकडे बघत होते. ते बसले नव्हते. थंडीत माणसं शेकोटीकडे सरकतात, तसे ते सरकले होते.

परसात आत्ती उन्हात बसली होती. मार्च महिना, अकराचं ऊन, आणि अंगात लोकरीचा स्वेटर.

"कणकण वाटायलीय गं," ती म्हणाली.

५

ताप असेल म्हणून आईनं थर्मामीटर लावला. मशीन बराच वेळ वाजलंच नाही. मग पडद्यावर आकडा न येता नुसतं "लो" आलं.

"सेल गेलाय," अप्पा म्हणाले. "चायनाचा माल सगळा."

मी थर्मामीटर घेऊन हॉलमध्ये गेले, टाकीतून दगड काढला, ओंजळीत धरला. सत्त्याण्णव पॉइंट चार. परत येऊन आत्तीच्या काखेत. लो.

सेल गेलेला नव्हता. मी हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? आणि कुणाला? अप्पांनी "मोठ्यानं बोल" म्हटलं असतं.

डॉक्टर आले. त्यांनी आत्तीची नाडी धरली, मनगटावर बोटं दोनदा सरकवली, मग घड्याळ बघून म्हणाले, "वय झालं की रक्त जरा संथ हुतंय." जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आत्ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी ती पोहरा एका हातानं ओढत होती. डॉक्टरांनी ते बघितलेलं नव्हतं. अप्पांनी रोज बघितलं होतं, आणि तरी त्यांनी मान हलवली.

मंगळवारी पहिला पेपर झाला. बुधवारी सुट्टी होती, मी खाली बसून गणितं करत होते. आत्ती मागून आली. आमच्या घरात अनवाणी चालण्याचा आवाज येत नाही, फरशी गुळगुळीत आहे. आत्तीच्या पावलांचा आला. टक. टक. टक. मी मागं बघितलं नाही. मी एकच गणित तीनदा केलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

"रचना," ती म्हणाली, "पाणी घालतीस हातावर? तांब्या जड लागायलाय."

६

मी मोरीत तिच्या हातावर पाणी घातलं.

नदीतला दगड सुकला की राखाडी दिसतो, आणि भिजला की काळा होतो. नऊ दगडांचं मी हे सहा दिवस बघितलं होतं. पाणी वर चढतं तशी काळी रेघ वर चढते. सुकताना कडेपासून हळूहळू पांढुरका होत येतो.

आत्तीचे हात भिजले आणि मनगटापर्यंत काळे झाले. थेंब कातडीवर थांबला नाही, ओघळला नाही. आत गेला. तिनं हात पदराला पुसले. मी बघत उभी राहिले. बोटांच्या टोकांपासून रंग परत येत होता, राखाडी, कडेकडेनं.

"काय बघतीस गं?"

"काही नाही."

मोरीत उजेड कमी आहे, असं मी म्हणाले. मनात. मग बाहेर येऊन माझे हात भिजवून बघितले. माझ्या हातांवर थेंब नेहमीसारखे उभे होते.

त्या दिवशी दुपारी मी विहिरीपाशी गेले आणि जाळीतून एक खडा टाकला. टुबुक. साधा, पाण्याचा आवाज. मला बरं वाटलं. मग मी घरात आले आणि आत्तीला घटाघट दोन तांबे पाणी पिताना बघितलं. विहिरीचं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं.

"नळाचं पी ना, आत्ती. थोडे दिवस."

"का गं?"

ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सहजच."

७

शुक्रवारी दुसरा पेपर झाला. शनिवारी सकाळी मासे मेले. मेलेला मासा वर तरंगतो. हे आठही तळाशी पडले होते, कुशीवर. मी एक हातात घेतला. बोटाएवढा मासा, पण हात खाली गेला.

अप्पा टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. सोमवारी मच्छेचे पाहुणे यायचे होते. "आठशे लिटरचं नुस्तं पाणी दाखवू व्हय त्यांस्नी?" टाकी दोनशे लिटरची आहे. अप्पांच्या दुकानात सगळं वाढवून सांगायची सवय आहे, ती दुःखातसुद्धा सुटली नाही.

टाकी रिकामी झाली. आतून काचेवर पांढरा थर बसला होता. आई व्हिनेगर आणि फडकं घेऊन आली, पण तेवढ्यात तिला फोन आला. मग आत्ती म्हणाली, "दे हिकडं, मी पुसते. बसून काय करू?" तिला नको म्हणायला मी तोंड उघडलं. नेहमीप्रमाणे आवाज यायला वेळ लागला.

आत्तीनं बाटली तिरकी केली. फडक्यावर धार पडली, फडक्यावरून एक ओघळ तिच्या मनगटावर गेला.

*स्सी.*

तोच आवाज, आत जाणारा. आत्तीच्या तोंडातून नव्हता. तिचं तोंड मिटलेलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं निळी शीर असते, तिथं एक पांढरी रेघ होती आणि त्या रेघेवर बारीक बुडबुडे उभे राहिले होते. मोहरीएवढे. एकेक करून ते फुटले.

आत्तीनं ते बघितलं. सावकाश पदर घेतला आणि मनगट पुसलं. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला खाली बघावं लागलं.

"नदीत सोडलंस न्हवं, रचना?"

"व्हय," मी म्हणाले.

पहिल्यांदाच माझा आवाज पहिल्या हाकेला नीट ऐकू गेला.

८

त्या दुपारी मी ठरवलं. सोमवारी विज्ञानाचा पेपर दीडला सुटतो. घरी यायचं, नऊ नंबर पिशवीत घालायचा, कोगनोळीची बस धरायची आणि पुलाखाली, जिथून उचलला तिथं, हळूच ठेवायचा. विहिरीत गेलेलं परत कसं काढायचं हे माहीत नव्हतं. पण दगड तरी. आणि त्याआधी आत्तीला खरं सांगायचं. वाक्य मी वहीत लिहून काढलं. तीन शब्दांचं होतं.

रविवार तसाच गेला. दगड परसात ठेवला होता. मी जाता-येता हात लावत होते. सत्त्याण्णव पॉइंट चार. आत्ती अंथरुणातून उठली नाही. खाटेची दोरी तिच्याखाली जमिनीला लागली होती.

सोमवारी पेपरात एक प्रश्न होता: आम्लाची चुनखडीवर क्रिया झाल्यास काय दिसेल? मी उत्तर लिहिलं. दोन गुण.

घरी आले तर स्वयंपाकघरातून झाकणाचा खडखडाट येत होता.

सर्वांत मोठं पातेलं. खाली मोठा बर्नर, ज्योत पातेल्याच्या बाहेर आलेली. अप्पा हॉलमध्ये फोनवर होते. "हां रविराज, फुल्ल गॅसवर ठेवलोय, अर्धा तास झाला. पोरीनं नीट उकळलं न्हवतंच. तू नवं मासं घेऊन पाचच्या आत पोच." मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुझ्या त्या वहीच्या नादानं आठ मासं गेलं बघ."

मी झाकण काढलं. नऊही दगड उकळत्या पाण्यात आपटत होते. नऊ नंबर वर होता. पांढऱ्या शिरेच्या बाजूनं एक केसाएवढी नवी रेघ गेली होती, आणि तिच्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती.

"रचना आली व्हय?" मागच्या खोलीतून आत्ती म्हणाली.

आवाज ठणठणीत होता. मी धावत गेले. ती खाटेवर उठून बसली होती. स्वेटर काढून ठेवलेला. कपाळावर घाम, गाल तांबूस.

"आज लई बरं वाटायलंय बघ," ती म्हणाली आणि माझा हात धरला. "ऊब लागली. किती दिसांनी."

तिचा हात गरम होता. तापातल्या माणसापेक्षा गरम. मी हात सोडवून घेतला तर माझ्या बोटांवर लाल वळ उठले होते. आणि तिच्या मनगटावर, आतल्या बाजूला, त्या पांढऱ्या रेघेशेजारी, केसाएवढी दुसरी एक रेघ होती.

मी स्वयंपाकघरात आले आणि गॅस बंद केला. मागच्या खोलीतून आत्ती बोलतच होती.

"पाव्हण्यांसाठी कैऱ्या आणल्यात, त्यातल्या दोन ठीव बाजूला, तुला मेथां—"

उकळी थांबली. मागची खोलीही थांबली. मी दहा मोजले. वीस मोजले. ओट्याच्या कडेला धरून दारातून वाकून बघितलं. आत्ती तोंड उघडं ठेवून बसली होती. हात पुढे, बोटं थोडी वाकलेली. डोळ्यावर माशी बसली होती आणि तिनं ती उडवली नव्हती.

मी लायटर चारदा दाबला. पाचव्यांदा पेटला. पाण्यात पहिला बुडबुडा आला.

"—बा करून घालते संध्याकाळी," आत्ती म्हणाली.

९

हे मी ओट्यापाशी स्टूल घेऊन लिहिते आहे.

मोठी आच ठेवली तर दगड फुटेल. बंद केली तर आत्ती थांबते. नदीचं पाणी गार आहे, आणि तापलेला दगड गार पाण्यात टाकला तर काय होतं ते मीच लिहून ठेवलंय, तिसऱ्या पायरीखाली, अधोरेखित करून. म्हणून ज्योत सर्वांत बारीक ठेवली आहे. पाणी आटलं की वाटीनं घालते, आधी दुसऱ्या बर्नरवर कढत करून. रेघ अजून तेवढीच आहे. मला तरी तेवढीच वाटते.

बाकीचे आठ दगड मी काढून दिले. रविराजनं ते टाकीत लावले. गुलाबी प्लास्टिकची एक गुहाही लावली. पाहुणे आले आहेत. टाकीकडे बघून एकानं "छान आहे" म्हटलं आणि परत मोबाइल बघायला लागला. एवढ्याचसाठी.

"ह्यो एक कशाला ठेवलाईस गॅसवर?" मघाशी अप्पांनी आत येऊन विचारलं.

"मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही," मी म्हणाले. ते मोठ्यानं निघालं असावं, कारण हॉलमधलं बोलणं थांबलं. अप्पांनी एकदा पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं बाई. दगडातलं तुलाच कळतंय."

कळतं. या घरात दगडांविषयी माझा शब्द शेवटचा आहे.

मग मी दारात गेले आणि वहीतले तीन शब्द म्हणाले. "नदीत नाही सोडलं."

आत्ती कैऱ्या चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय गं," ती म्हणाली. "पाणी पितानाच कळलं." सुरी फोडीवर थांबली. "रेतीगत लागलं."

"मग प्यालीस कशाला?"

"तू सोडलं म्हणालीस न्हवं."

मी परत येऊन स्टुलावर बसले. आत सुरीचा आवाज चालू आहे, टक, टक, टक. कढत पाणी घातलं. ज्योत बघितली. ती मधूनच निळ्याची पिवळी होते आहे, म्हणून मी ओट्याखालचा सिलिंडर उचलून बघितला. भरलेला असला की तो मला दोन्ही हातांनीही हलत नाही.

एका हातानं उचलला.